मोटारवेड्याला भेट काय द्यावी? खंडेनवमीच्या तोंडावर एका गॅरेजवाल्याचं उत्तर

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात गाड्यांचं वेड असलेली तीन माणसं: ७ वर्षांचा भाचा, नुकतीच सेकंडहँड स्विफ्ट घेतलेला २४ वर्षांचा भाऊ आणि एके काळी अँबॅसिडर चालवणारे सत्तरीतले सासरे. दसऱ्या-दिवाळीला प्रत्येकाला गाडीसंबंधी काहीतरी द्यायचंय. भाच्यासाठी २००-३०० रुपये, भावासाठी ५ हजारांपर्यंत. पण दुकानात गेलं की परफ्यूम, कुशन आणि स्टिअरिंगचं कव्हर यापलीकडं काही दिसत नाही, असं त्या म्हणतात. शेवटच्या ओळीत त्यांनी अजून एक लिहिलंय की १६ वर्षांच्या पुतणीलाही गाड्यांचं वेड फार आहे, पण तिला काय द्यायचं हे घरात कुणाला सुचलेलंच नाही.

ताई, बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला मी गेली २७ वर्षं गॅरेज चालवतोय. लोकांनी हौसेनं दिलेल्या भेटी मी गाडीतून काढून ठेवलेल्याही पाहिल्यात आणि २० वर्षांपूर्वी दिलेला पाना अजून रोज हातात असलेलाही पाहिलाय. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. गाडीला चिकटवायची वस्तू देऊ नका, गाडीवाल्याच्या हाताला किंवा डोळ्यांना काम देणारी वस्तू द्या. त्याची गाडी कशी दिसावी हे त्याचं त्याला ठरलेलं असतं, त्यात दुसऱ्यानं हात घातलेला आवडत नाही. पण टायरची हवा अचूक दाखवणारं मीटर दिलंत तर पुढची १० वर्षं दर महिन्याला तुमची आठवण निघेल.

ज्याला भेट द्यायचीय, आधी एक रविवार त्याच्याकडं नीट लक्ष द्या. कुणी सकाळी उठून गाडी धूत बसतो. कुणी बॉनेट उघडून आत डोकावतो. कुणाला फक्त जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटापर्यंत जाऊन चहा पिऊन परत यायचं असतं. आणि कुणी गाडी चालवतच नाही, पण गल्लीत शिरलेली गाडी कुठली ते आवाजावरून सांगतो. ही चार निराळी वेडं आहेत. धुणाऱ्याला पान्यांचा संच दिला तर तो डिकीत गंजेल.

भावापासून सुरू करतो, कारण घाटातून पावसात गाडी तोच काढणार आहे.

पहिली भेट टायर गेजची. चांगलं डिजिटल किंवा डायलचं गेज साधारण ३०० ते ८०० रुपयांत मिळतं. तुम्ही म्हणाल, पंपावर हवा फुकट मिळते, मग हे कशाला? टायरची हवा थंड टायरला मोजायची असते. गाडी ८-१० किलोमीटर चालवून पंपावर गेलं की टायर तापून आतला दाब ३-४ पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) वाढलेला असतो. तिथं आकडा बरोबर दिसतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवरच उभा असतो. घरी गेज असेल तर सकाळी गाडी हलवायच्या आधी दोन मिनिटांत चारही टायर आणि स्टेपनी बघून होते. किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, टायरच्या कडेवर छापलेला नव्हे. कडेवरचा आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल तो. हे न समजल्यानं ४५-५० पीएसआयवर फिरणाऱ्या गाड्या माझ्याकडं दर पावसाळ्यात येतात. टायर फक्त मधल्या पट्ट्यावर झिजलेले, आणि मालक म्हणतो, "मामा, ओल्या रस्त्यावर गाडी वळणाला घसरायलीय बघा."

पैसे थोडे जास्त असतील तर १२ व्होल्टवर चालणारा हवेचा लहान पंप द्या, साधारण दीड ते तीन हजारांत येतो. फक्त सलग १० मिनिटांवर चालवायचा नाही, गार होऊ द्यायचा, हे त्याला सांगून ठेवा.

दुसरी भेट टॉर्क पान्याची, आणि या वस्तूबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना गिऱ्हाईक जांबोटीच्या पुढं पंक्चर होऊन अडकला. आदल्या आठवड्यातच कुठंतरी पंक्चर काढलं होतं आणि तिथल्या पोरानं हवेच्या गननं चाकाचे नट कचकून आवळले होते. टॉमीवर, म्हणजे नट सोडवायच्या दांड्यावर, उभं राहून नाचलं तरी नट हलेना. शेवटी टॉमीला पाइप लावला, तर नटासकट बोल्टच तुटला. चार बोल्टांपैकी एक तुटल्यावर घाट उतरायची सोय राहिली नाही. गाडी टेम्पोवर घालून बेळगावला आणली.

टॉर्क पाना हेच टाळतो. दांड्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर आला की हातात 'टक' असा झटका जाणवतो आणि तिथं थांबायचं. बहुतेक लहान गाड्यांच्या चाकांच्या नटांना ८५ ते ११० न्यूटन मीटर (पिळायच्या जोराचं माप) लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरायचा. अर्धा इंची ड्राइव्हचा, ४० ते २०० न्यूटन मीटरपर्यंतचा पाना घ्या. १७, १९ आणि २१ मिलिमीटरच्या लांब गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) त्याबरोबर घेतल्यात तर बहुतेक गाड्यांना चालतात. सगळं मिळून २ ते ४ हजारांत बसेल. देताना दोन गोष्टी सांगा. या पान्यानं नट सोडवायचे नाहीत, सोडवायला साधी टॉमी. आणि काम झालं की आकडा सगळ्यांत खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते आणि पाना खोटं सांगू लागतो.

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटरही विसरू नका, ४००-५०० रुपयांत येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्ध्यावर आली. गाडी चालू करून १३.८ ते १४.४ दिसले तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) बॅटरी चार्ज करतोय. एवढं जरी भावाला घरी बघता आलं तरी "बॅटरी गेली, नवी घाला" असं कुणी म्हटल्यावर तो डोळे झाकून पैसे देणार नाही.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर हल्ली पोरांना फार आवडतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो लावायचा आणि मोबाइलवर इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचायचे. २०१३ च्या एप्रिलनंतरच्या गाडीला सहसा चालतोच, त्याआधीची असेल तर घेण्याआधी लावून बघा. भेट चांगली आहे, पण कोड म्हणजे आजाराचं लक्षण, आजार नव्हे. पी०३०१ दिसला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, एवढंच कळतं. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्ह यांतलं काहीही असू शकतं. कोड पुसून टाकला म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असा समज करून घेतलेली पोरं मी बघितलीत. भाऊ शांतपणे शोध घेणारा असेल तरच हे द्या.

डॅशकॅम (पुढच्या काचेमागं बसवायचा कॅमेरा) द्यायचा विचार असेल तर आत लिथियम बॅटरी नसलेला, कपॅसिटरवाला बघा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या काचेमागं जी भट्टी होते तिथं बॅटरी फुगते. मेमरी कार्डही सतत लिहिलं-पुसलं जाणार, तेव्हा त्याच कामासाठी बनवलेलं घ्या. वायर कापून जोडणी करणाऱ्याकडं मात्र गाडी देऊ नका. फ्यूज बॉक्समधून जोडणी करून घ्या.

आता जे देऊ नये ते. इथं मी जरा कडक बोलतो.

हेडलाइटचे जादा वॅटचे बल्ब नकोत. साधा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, त्याला साधारण ५ अँपिअर करंट लागतो. १००/९० चा घातला की ८ अँपिअरच्या वर जातो. कंपनीची वायर आणि स्विच त्यासाठी केलेलेच नसतात. वितळलेले होल्डर माझ्या ड्रॉवरमध्ये अजून पडलेत. हॅलोजनच्या दिव्यात बसवलेले पांढरे एलईडी बल्ब तर समोरच्याचे डोळे दिपवतात. चोर्ल्याच्या धुक्यात समोरून तसली गाडी आली की रस्त्याची कड दिसत नाही. काचांच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच निर्बंध घातले, आणि पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ मध्ये बंदी आणली. गार्डमुळं धडकेचा धक्का थेट चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) जातो, एअरबॅग वेळेवर उघडण्यातही गडबड होते. सीट कव्हरसुद्धा सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते बघितल्याशिवाय घेऊ नका. नावाची रंगीत नंबरप्लेट, देवनागरीत आकडे, हे आपल्या भागात फार चालतं. मला मराठी आकडे आवडतात, पण गाडीच्या प्लेटवर कायद्यानं ते चालत नाहीत. हौस असेल तर बेळगावच्या गाड्यांचा 'केए २२' लिहिलेली चावीची लहान पट्टी करून द्या.

मॅटबद्दल वेगळं सांगतो, कारण सगळ्यांत जास्त दिली जाणारी भेट तीच आहे. एका घरी लेकीनं वडिलांना जाड, मऊ मॅटचा सेट दिला. दिसायला फार छान. मूळ मॅटवरच तो टाकला. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट सरकत सरकत एक्सिलरेटरच्या खाली जाऊन बसली आणि सिग्नलला पेडल वर येईना. ब्रेक जोरात दाबून गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. गाडी माझ्याकडं आली तेव्हा मॅटच्या कडेवर पेडलचा गोल ठसा उमटलेला होता. मॅट द्यायचीच तर त्याच मॉडेलची, खालच्या हुकात अडकणारी, आणि जुनी काढून टाकूनच घालायची. आपल्याकडच्या लाल चिखलाला कडा उंच असलेली रबरी मॅट बरी, खालचा गालिचा भिजत नाही आणि श्रावणात गाडीला कुबट वास येत नाही.

धुणाऱ्या माणसाला काय द्यावं ते थोडक्यात सांगतो. चार-पाच चांगली मायक्रोफायबरची फडकी, गाडीचा शाम्पू आणि दोन बादल्या. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. भांडी घासायचा साबण रंगावरचं मेण उतरवतो, तेव्हा तो नको. ५००-७०० रुपयांत हे सगळं होतं.

भाच्याचं सोपं आहे आणि मजेचंही. हॉट व्हील्सच्या लहान धातूच्या गाड्या १९६८ पासून निघतायत आणि अजून दीड-दोनशेच्या आसपास मिळतात. साधारण १:६४ मापाच्या असतात. हे माप त्याला समजावून सांगा. खरी स्विफ्ट ३.८६ मीटर लांब, तिला ६४ नं भागलं की ६ सेंटिमीटर. टेप घेऊन मामाची गाडी मोजायला लावा, मग खेळण्यातली. माझ्या नातवानं हा हिशेब केल्यावर दोन दिवस घरातल्या कपाटापासून कुकरपर्यंत सगळ्याला ६४ नं भागून बघितलं. त्याला भारतीय गाड्या आवडत असतील तर सेंटी कंपनीच्या मागं ओढून सोडायच्या गाड्या बघा, त्यांत अँबॅसिडरही मिळते. आयएसआयची खूण असलेलंच खेळणं घ्या, २०२१ पासून ती सक्तीची आहे. घरात ३ वर्षांखालचं मूल असेल तर सुट्या होणाऱ्या लहान चाकांपासून जपा. बॅटरीवर बसून चालवायच्या मोठ्या गाड्या मुलं महिनाभरात सोडून देतात असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा एक दिवस त्याला कोल्हापूरला गो-कार्टच्या ट्रॅकवर घेऊन जा. उंचीची अट आधी विचारून घ्या.

पुतणीबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत, म्हणून मी मुद्दाम सावकाश लिहितोय. १६ व्या वर्षी घरच्यांना वाटतं, अंगणात थोडी गाडी चालवू दे. रस्त्यावर अजिबात नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मूल गाडी चालवताना सापडलं तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. तिची हौस दोन वर्षं थांबवायची गरज नाही, फक्त स्टिअरिंगवरून बॉनेटकडं वळवायची. तिला स्वतःच्या मालकीचा पान्यांचा लहान डबा द्या: ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग-फिक्स पाने, एक पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे आणि डोक्याला लावायची टॉर्च. दीड हजारात बसतो. डब्यावर तिचं नाव पेंट करून घ्या. मुलगे गॅरेजमध्ये फिरत फिरत शिकतात, मुलीला तसं फिरू दिलं जात नाही, म्हणून तिच्या नावाचा डबा घरात असणं मला महत्त्वाचं वाटतं.

त्याबरोबर एखादा शनिवार माझ्याकडं पाठवा, बरोबर तुम्हीही या. एअर फिल्टर काढून झटकणं, ऑइलची पट्टी वाचणं, टायरच्या कडेवरचे चार आकडे बघून टायर कुठल्या आठवड्यातला ते ओळखणं ('२३१९' म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा), एवढं एका दुपारी येतं. तिचा कल अभियांत्रिकीकडं असेल तर बाहाबद्दल सांगा. कॉलेजची मुलंमुली स्वतः वेल्डिंग करून चारचाकी बांधतात आणि खडकाळ रस्त्यावर पळवतात, ती स्पर्धा भारतात २००७ साली पीथमपूरला सुरू झाली.

आता सासरे. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनत होती. ज्यांनी ती चालवलीय त्यांच्या हाताला गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असल्याची सवय असते, पुढं अख्खा सलग बाक आणि त्यावर तिघं माणसं. अशा माणसाला नव्या गाडीची वस्तू देऊन समाधान होत नाही. मी त्यांना टेबलावर पेनं ठेवायला पिस्टन (इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या) देईन.

१४८९ सीसीच्या पेट्रोल अँबॅसिडरचा पिस्टन साधारण ७३ मिलिमीटर व्यासाचा, पेन ठेवायच्या डब्याएवढाच. जुन्या गाड्यांच्या भंगारात मिळतो. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा. डोक्यावरचा कार्बन लाकडी चमच्यानं खरवडायचा, सुरी लावायची नाही, ॲल्युमिनिअमला ओरखडे पडतात. रिंगांच्या खाचा साफ करायला जुन्या रिंगचाच तुटका तुकडा घ्यायचा, तो खाचेत बरोब्बर बसतो आणि एका फिरकीत काळी वळी निघून येते. मग साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून, पॉलिश. उलटा ठेवला की डोकं खाली, पोकळी वर, आणि पेनं उभी राहतात. मी आजवर आठ-दहा करून दिलेत. एका आजोबांनी हातात घेतला, अंगठा खाचांवरून फिरवला आणि म्हणाले, "ह्यो रिबोरचा हाय." रिबोर म्हणजे झिजलेला सिलिंडर कोरून मोठा करणं, मग त्यात जादा मापाचा पिस्टन बसतो. डोक्यावर त्या जादा मापाचा आकडा कोरलेला होता, तो आम्ही कुणी बघितलाच नव्हता.

दुसरं म्हणजे, त्यांना या दसऱ्याला कोल्हापूरला न्या. छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला दसरा चौकात येते. बेळगावहून ११० किलोमीटर, खानापूरहून अजून २५-३० धरा. दुपारीच पोहोचायला हवं, गर्दी फार होते आणि त्यांना बसायला जागा लागेल. भाच्यालाही बरोबर घ्या. पुढं कधी धर्मस्थळाला दर्शनाला जाणं झालं तर तिथलं जुन्या मोटारींचं संग्रहालय चुकवू नका.

घरच्या सगळ्यांनी पैसे एकत्र करून भावाला एकच मोठी भेट द्यायची ठरवलीत, तर आधी स्विफ्टच्या टायरचे ते चार आकडे बघा आणि खाचांतल्या उंचवट्यांकडं नजर टाका. रबर त्या १.६ मिलिमीटरच्या खुणांना टेकलं असेल तर बाकी सगळं राहू द्या, टायरच घाला.

आणि ताई, टॉर्क पाना किंवा पुतणीचा डबा दिवाळीपर्यंत ठेवू नका, खंडेनवमीलाच द्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळे पाने रॉकेलनं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतात. नवं हत्यार त्या रांगेत पहिल्यांदा बसतं, मगच कामाला लागतं. सासऱ्यांची अँबॅसिडर पेट्रोलची होती की डिझेलची, तेवढं मात्र आडून विचारून कळवा. पिस्टन निराळा येतो, आणि भंगारवाल्याकडं मला या आठवड्यातच जायचंय.